आखाजीचे मुऱ्हाळी, आमचे नाना

रामराम मंडळी.

मेहरूणच्या आमच्या गल्लीतल्या बठ्ठ्या लोकांना, चोपड्याहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या भाऊबंदांना, नानांच्या टोळीतल्या गडी माणसांना, आणि पुढं भिंतीला टेकून बसलेल्या नानांच्या बहिणीला, माझ्या अक्काला रामराम.

मी नानांचा धाकटा, गोकुळ. पुष्कळ जण मला ओळखत नसतील. त्यात तुमची चूक नाही, मी इथं टिकतोच कुठं? आठवीतून शाळा सोडली. मग सुरत, मग वापी, मग मोरबी, आता राजस्थानात सोलरच्या प्लेटा बसवतो. नाना म्हणायचे, "मना पाय उचलत नाही, आन याना पाय थांबत नाही. देवानं वाटणी नीट करी नाही."

थोरला भाऊ, दादा, म्हणाला, आज नानांच्या शोकसभेत तू बोल. मी म्हटलं, मला जमायचं नाही, माझा आवाज बारीक. पण नाना समोर असते तर तेवढ्यावरही बोलले असते. म्हणाले असते, पोटातून बोल, मागच्याला ऐकू जात नाही. म्हणून पोटातून बोलतो. मध्येच थांबलो तर थोडं सांभाळून घ्या.

आणि एक आधीच सांगतो. मी रडवायला उभा नाही. आमच्या घरात नानांच्या आजाराच्या वर्षांत जेवढं हसू झालं, तेवढं त्याच्या आधी झालं नव्हतं. ते कसं, तेच सांगायचंय.

नाना केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचे मुकादम होते, हे तुम्हाला माहीतच आहे. बागेतून घड निघायचा, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या हातात, तिथून गाडीत. नाना गाडीच्या तोंडाशी उभे राहून हाक द्यायचे. घे. दे. घे. दे. त्या तालावर अख्खी टोळी चालायची. घड कुठं आपटला, केळीला कुठं डाग पडला, असं व्हायचं नाही.

त्या माणसाचा आधी उजवा हात थरथरायला लागला. मग चाल बारीक झाली. मग दारात पाय अडकायला लागले. म्हणजे नाना खोलीत चालायचे, आणि उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन. गल्ली म्हणाली, लकवा. आई म्हणाली, नजर. कोणी निरगुडीचा पाला सांगितला, कोणी कुठल्या बाबाचं गाव सांगितलं. डॉक्टरांनी मात्र गोळ्या सांगितल्या आणि म्हणाले, गोळीइतकाच व्यायाम लागेल, फिजिओथेरपीवाल्या ताई घरी येतील.

हर्षदाताई आल्या. ताई, तुम्ही मागं बसला आहात, पण आज तुमच्याबद्दल बोलणारच. ताई विदर्भातल्या, लग्न होऊन जळगावात आलेल्या. पहिल्या दिवशी त्या स्कूटीवरून उतरल्या तेव्हा आईनं तिळाचं तेल कोमट करून ठेवलेलं, जुनं लुगडं अंथरून ठेवलेलं.

आई म्हणाली, "मालिश आत करशील का ओसरीत?"

"काकू, मी मालिश नाही करणार."

"मग काय करशील?"

"मी काही नाही करणार. काका करतील."

त्या दिवशी रात्री आईचा मला फोन. "ऐकलं का गोकुळ, डॉक्टरनं बाई पाठवली, आणि ती काम पेशंटलाच लावते." ते कोमट तेल मग दादाच्या डोक्याला लावलं.

नानांनाही ते पटलं नव्हतं. ताई सांगायच्या, खुर्चीतून उठताना आधी पुढं सरका, पाय मागं घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाऊ द्या, मग उठा. नाना एकदा करायचे आणि दहा वेळा केल्याचं सांगायचे. आणि आपली माणसं. मंडळी, रागावू नका, पण आपल्याकडं आजारी माणसाला बघायला येणारा कधी नुसता बघून जातो का? आल्या आल्या एक बगल धरणार, दुसरा दुसरी धरणार. उठा नाना, बसा नाना, झोपा नाना. प्रेमानंच. चोपड्याचे मामा तर नानांना उचलून पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवायचे. मामा, तुम्ही हसताय, पण तुम्हालाच नाना म्हणाले होते ना, "माले उचलू नका. मी काय केळीना घड शे का?"

तेव्हा ताई तिथंच होत्या. त्यांनी त्या दिवसापासून नियम घातला. या घरात नानांचा हात कोणी धरायचा नाही. बाजूला उभं राहायचं, नजर ठेवायची, ओढायचं नाही. ओढलं की अडकलेला माणूस पडतो. आईला ते फार जड गेलं. जन्मभर ज्याला ताट हातात दिलं, त्याला खुर्चीतून उठायला धडपडताना उभं राहून बघायचं. ती पदराचं टोक मुठीत धरून बघायची. पण बघायची.

तरी मन लावून व्यायाम होत नव्हता. तो सुरू झाला आखाजीमुळे.

आपली आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, ती ताईंना माहीत होती, मुऱ्हाळी माहीत नव्हता. त्यांनी विचारलं तेव्हा नानांनी सांगितलेलं मी सांगतो. आखाजीला लेकी माहेरी येतात. पण त्या आपल्या आपण येत नाहीत. त्यांना आणायला घरचा माणूस जातो, भाऊ, भाचा, कोणीतरी. तो मुऱ्हाळी. तो दारात आल्याशिवाय लेक पिशवी भरत नाही. आमची अक्का धुळ्याला दिलेली. तिच्या लग्नापासून दर आखाजीला तिला आणायला नाना जायचे. एस.टी.नं. केळीचा हंगाम असो, ताप असो, गाडीला उभं राहायला जागा नसो. जायचेच.

आजार झाला त्या वर्षी दादानं डोकं लढवलं. म्हणाला, नानांना कशाला त्रास, आपण गाडी पाठवू. चांगली एसीची गाडी, पांढऱ्या कपड्यातला ड्रायव्हर. गाडी धुळ्याला गेली. आणि संध्याकाळी परत आली. मागच्या सीटवर अक्का नव्हती. सांजोऱ्यांचा डबा होता. आणि ड्रायव्हर बिचारा मान खाली घालून म्हणाला, मावशी खूप बोलल्या.

अक्का, तू काय बोललीस ते सांगू ना? सांगतो. अक्का म्हणाली, "मना भाऊ कोठे शे? गाडीले ओवाळू का मी?"

दादानं फोन लावला. अक्कानं उचलला नाही. त्या आखाजीला आमच्याकडं आमरस झाला, खापरावरची पुरणपोळी झाली, आणि नाना जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, तर नाना आधीच खुर्चीत पुढं सरकून बसलेले.

ताईंनी विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं काय करायचंय ते सांगा. हात वर, पाय खाली, हे राहू द्या. काय करायचंय?"

नाना म्हणाले, "धुळ्याले जानं शे. अक्काले आनाले. येस्टीनं. माले कोनी धरानं नाही."

ताई म्हणाल्या, "पुढच्या आखाजीला?"

"पुढच्या आखाजीले."

ताईंनी वही काढली. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "एस.टी.ची पायरी किती उंच असते हो?"

मंडळी, यावरून आमच्या घरात जे सुरू झालं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलं. शेजारचे वेल्डिंगवाले उस्मानचाचा स्टँडवर गेले आणि उभ्या एस.टी.च्या पायरीला दोरी लावून माप घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, चाचा, गाडी विकत घेताय का? चाचा म्हणाले, "गाडी नहीं, खाली सीढ़ी." त्यांनी लोखंडाच्या तेवढ्याच उंच पायऱ्या जोडल्या, बाजूला धरायचा दांडा लावला, आणि ते सगळं आमच्या अंगणात आणून ठेवलं. गल्लीतली पोरं त्यावर चढून "जळगाव धुळे, जळगाव धुळे" ओरडायला लागली. नाना त्यांना हाकलायचे. "उतरा, मनी गाडी शे ही."

गोळीचा असर चढला की व्यायाम, असं ताईंनी बांधून दिलं होतं. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, एकेक पट्टी ओलांडत मोठं पाऊल टाकायचं. वळायचं तर जागच्या जागी नाही, बैलगाडी वळवतात तसं लांबून वळसा घेऊन. आणि आवाज. या आजारात आवाज बारीक होतो, म्हणून मोठ्यानं "आ" म्हणायचं, श्वास संपेपर्यंत. पहिल्या सकाळी नानांनी असा "आ" काढला की उस्मानचाचा वेल्डिंगचा चष्मा डोक्यावर सरकवून धावत आले.

"क्या हुआ? नाना गिर गए क्या?"

आई म्हणाली, "नाही हो. व्यायाम चाललाय."

चाचा म्हणाले, "ऐसा व्यायाम? भाभी, मेरी बकरी रस्सी तोड़ के गई."

चालताना पाय अडकले तर ताई "एक दोन, एक दोन" म्हणायला लावायच्या. नानांना ते शाळेतल्यासारखं वाटायचं. एक दिवस असेच दारात अडकले असताना त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "घे." आणि डावा पाय उचलला. "दे." उजवा आला. ताईंनी वही बाजूला ठेवली. म्हणाल्या, "काका, हे काय होतं?" नाना म्हणाले, "गाडी भरी राह्यनू." त्या दिवसापासून एक दोन बंद. घे दे सुरू. पुढं पुढं आई स्वयंपाकघरातूनच हाक द्यायची, पोळी लाटता लाटता. घे. दे. आणि ओसरीतून नाना चालत यायचे.

मी हे सगळं फोनवर बघायचो. वाळवंटात प्लेटांच्या सावलीत बसून. माझ्याबरोबरची बिहारची पोरं विचारायची, तेरे घर में क्या बिकता है रे, सब लेना-देना करते रहते हैं.

आखाजी आली. मी सुट्टी घेऊन आलो. नाना म्हणाले, "तू चाल, पन मागे बैस. मुऱ्हाळी मी शे." ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोकुळ, हात धरायचा नाही. पडतील असं वाटलं तरच." मी म्हटलं, "आणि पडलेच तर?" ताई म्हणाल्या, "पडू शकतात. ते त्यांनाही माहीत आहे. मी विचारलंय त्यांना." मग म्हणाल्या, "मला पण भीती वाटतेय."

जळगावचा स्टँड. आखाजीची गर्दी. प्रत्येक गाडीला लेकीबाळी, पोरं, पिशव्या, आंब्याच्या पेट्या. धुळ्याची गाडी लागली आणि सगळे धावले. नानाही निघाले. पायरीपर्यंत घे दे, घे दे, छान गेले. पायरीशी मागून रेटा आला आणि नाना अडकले. पाय जमिनीत. मागून एक जण म्हणतोय, ओ बाबा, चढा ना. दुसरा म्हणतोय, अरे धरा त्यांना, धरा. एका पोरानं बगलेत हात घातलाच. मी त्याचा हात काढला. तो माझ्यावर तापला. "कसला पोरगा आहे तू? बाप उभा आहे आणि हात देत नाही?" अख्ख्या स्टँडवर मी तेव्हा सगळ्यात नालायक पोरगा.

ती गाडी गेली. आम्ही राहिलो. मला वाटलं संपलं. मी म्हटलं, नाना, रिक्षा करू, घरी जाऊ. नानांचा चेहरा तर या आजारानं हलायचाच कमी, त्यावरून काही कळायचं नाही. ते म्हणाले, "येस्टी काय एकच शे का? दुसरी ई. पह्यले बठ्ठा चढी जाऊ दे. मंग मी."

दुसरी गाडी आली. बठ्ठे चढले. फलाट मोकळा झाला. कंडक्टर दारात उभा. मी त्याच्याकडं बघून हात जोडले. तो दार धरून उभा राहिला. नाना डावीकडं झुकले, उजवीकडं झुकले, ताईंनी शिकवलं तसं. दांडा धरला. घे. एक पाय पायरीवर. दे. दुसरा. आत गेल्यावर एका बाईनं उठून जागा दिली, तर नाना तिला म्हणतात, "बस माय, मी आते उभा राहू शकतू." बसायला लावलं मीच.

धुळ्याला रिक्षातून अक्काच्या दारात उतरलो. अक्का धावत आली हात धरायला. नाना तिथूनच ओरडले, पोटातून, "दूर ऱ्हाय." अख्खी गल्ली बाहेर आली. अक्का दारात थांबली. नाना अंगण चालून आले, आणि उंबऱ्यापाशी पाय पुन्हा अडकले. घे म्हटलं, दे म्हटलं. काही नाही. दमले होते. गोळीही उतरत आलेली. मी पुढं होणार, तेवढ्यात अक्कानं काय केलं, तर लुगडं थोडं वर धरून आपला पाय नानांच्या पायापुढं आडवा ठेवला.

नानांनी तो बघितला. आणि ओलांडून आत आले.

मी ताईंना नंतर विचारलं. ताई म्हणाल्या, ही युक्ती आहेच, समोर काही आडवं दिसलं की अडकलेलं पाऊल उचलतं, पण मी ती अक्कांना कधी सांगितली नव्हती. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "माले काय ठाऊक? ल्हानपनी मी त्याले असाच पाय आडवा घालीसनी पाडू. माले वाटनं, आते पडाऐवजी चाली."

अक्का आत ओवाळायला बसली. नानांनी आल्याचं सांगितलं, "मी उनू, अक्का." तिनं पिशवी भरायला घेतली. परत येताना दोघं खिडकीच्या जागेवरून पारोळ्यापर्यंत भांडले. मेहरूणला आल्यावर तळ्याकडच्या लिंबाला पोरींनी झोका बांधला होता, त्यावर अक्का बसली, आणि नाना शेजारी खुर्ची टाकून तिला म्हणाले, "पडशी." ती म्हणाली, "तू नही पडना, मी काय पडसू?"

मंडळी, मला खोटं सांगायचं नाही. हा आजार बरा होत नाही. ताईंनी पहिल्या दिवसापासून तसं सांगितलं होतं. त्यानंतरच्या आखाजीलाही नाना गेले, पण आणखी हळू. मधल्या काळात दोनदा पडले. काही दिवस असे यायचे की घास गिळायला वेळ लागायचा आणि कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही. मागच्या आखाजीला एस.टी.ची पायरी जमेना. अंगणातल्या लोखंडी पायरीपुढं नाना बराच वेळ उभे राहिले आणि मग ताईंना म्हणाले, "आते नही व्हवाव."

ताई म्हणाल्या, "मग काय जमेल, काका?"

गल्लीच्या तोंडापर्यंत जमेल, असं ठरलं. त्या वर्षी मी सुट्टीवर येऊ शकलो नाही. धुळ्याला दादा गेला, एस.टी.नं गेला, आणि अक्का आली, कारण नानांनी फोनवर तिला सांगितलं होतं की अर्धा मुऱ्हाळी दादा, अर्धा मी. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा नाना तिथं उभे होते. आपल्या पायावर. तिथून घरापर्यंत दोघं चालत आले. इतके हळू, की उस्मानचाचा म्हणाले, वरात पण याहून लवकर येते.

नाना गेले ते थंडीत, छातीत कफ होऊन. आदल्या दिवशी ताईंनी श्वासाचा व्यायाम घ्यायला लावला होता. नाना म्हणाले, आज पुरे. ताई म्हणाल्या, बरं काका, आज पुरे. पहिल्यांदाच ताईंनी त्यांचं ऐकलं.

आता एक शेवटचं, आणि ते अक्काशी बोलायचंय. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.

अक्का, दहाव्याच्या दिवशी तू आईला म्हणालीस, भाऊच नाही तर माहेर कसलं, मी आता आखाजीला येणार नाही. आईनं मला सांगितलं. मी त्या दिवसापासून तेच डोक्यात घेऊन आहे. माझ्यासारख्याला एका गोष्टीचा इतके दिवस विचार करायची सवय नाही.

यंदाच्या आखाजीला आमच्या घरी घागर भरायची आहे. पूर्वजांच्या घागरींत यंदा नानांची घागर पहिल्यांदा मांडली जाईल. ती तू नसताना कोण मांडणार, अक्का? ज्या भावानं तुझ्यासाठी अंगणात एस.टी. उभी केली, त्याच्या घागरीपुढं तुझी जागा रिकामी ठेवायची का?

मुऱ्हाळी मी येईन. जिथं असेन तिथून येईन. मला सुट्टी नाही दिली तर ते काम सोडून येईन, काम सोडायची तर मला सवयच आहे, आईला विचार. गाडी पाठवणार नाही. एस.टी.नं येईन, तुझ्या दारात उभा राहीन. मी नाना नाही, हे मला माहीत आहे. तू पिशवी भरलीस तर तुला घेऊन येईन. नाही भरलीस तर तुझ्या ओट्यावर बसून राहीन, आणि तूच माझी भाकरी करशील. आत्ता हो म्हणू नकोस. नाही पण म्हणू नकोस.

मंडळी, नानांसाठी थोडा वेळ गप्प राहायचंय. सगळ्यांनी उभं राहू या. इथं म्हातारी माणसं आहेत, गुडघे दुखणारे आहेत, ताईंकडं येणारे आणखी दोघं आहेत. कोणी कोणाला ओढू नका. ज्याला वेळ लागतो त्याला वेळ घेऊ द्या. शेवटचा माणूस उभा राहिला की मगच आपण डोळे मिटू.

मी थांबतो.